शेततळ्यात कोणते मासे, किती आणि कोणत्या प्रमाणात सोडावेत?

शेततळे भरले की हजार बोटुकली (माशांची बोटभर लांबीची पिल्ले) आणायची की दोन हजार, इथूनच बहुतेकांचा विचार सुरू होतो. हिशेब उलट्या टोकाने लावावा. उन्हाळ्यात तळ्यात किती पाणी उरते, तळाला माती आहे की प्लॅस्टिक, पाण्यात माशांना खायला काय तयार होते, या तीन गोष्टी कळल्या की जाती आणि आकडे आपोआप ठरत जातात. हा लेख कटला, रोहू, मृगळ आणि त्यांच्या जोडीला सोडल्या जाणाऱ्या परदेशी कार्प माशांबद्दल आहे. एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) नसलेले, पावसावर किंवा विहिरीच्या पाण्यावर भरणारे साधे शेततळे इथे गृहीत धरले आहे.

आधी उन्हाळ्यातले पाणी मोजा

मासे किती सोडायचे ते पाण्याच्या पृष्ठभागावर ठरते, कारण प्राणवायू आणि सूर्यप्रकाश तिथूनच आत जातो. तळे कागदावर ३० बाय ३० मीटर असते, पण बाजू उतरत्या असल्याने पाणी खाली गेले की पृष्ठभाग झपाट्याने आक्रसतो. समजा, वरची लांबी-रुंदी ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंचा उतार १.५:१ आहे, म्हणजे एक मीटर खोलीला बाजू दीड मीटर आत येते. मग तळ फक्त २१ बाय २१ मीटरचा. पूर्ण भरल्यावर पृष्ठभाग ९०० चौरस मीटर असतो. पाणी दीड मीटरवर आले की तो २५.५ बाय २५.५, म्हणजे साधारण ६५० चौरस मीटर राहतो. एक मीटरवर आले की ५७६.

मासे सर्वांत मोठे असतात तेव्हाच पाणी सर्वांत कमी असते. त्यामुळे हिशेब ९०० वर न करता ६५० वर करा. एअरेटर नसताना नवख्या माणसाने शेवटी दर दीड ते दोन चौरस मीटरला एक मासा उरेल असे धरावे. वरच्या उदाहरणात ही संख्या ३९०च्या आसपास येते. पंधरा टक्के मर धरली तर सोडायची बोटुकली होतात ४६०. हेक्टरी १०,००० बोटुकलीचे आकडे अनेक पुस्तिकांत दिसतात. ते नियमित खाद्य, खत आणि पाणी बदलण्याची सोय असलेल्या तलावांचे आहेत. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

मार्च-एप्रिलमध्ये पाणी एक मीटरच्या खाली जाणार असेल तर वर्षभराचा बेत सोडून द्या. अशा तळ्यात आदल्या वर्षीचे, दाटीत ठेवून वाढ रोखलेले १०० ग्रॅमच्या पुढचे बीज (याला स्टंटेड बीज म्हणतात) सोडून सहा-सात महिन्यांत मासा काढता येतो. ते मिळाले नाही तर मत्स्यबीज (बोटुकलीहून लहान पिल्ले) आणून बोटुकली तयार करून विकणे हा दुसरा चांगला मार्ग.

कोण कुठे राहतो आणि काय खातो

मिश्र मत्स्यपालनाचा सगळा पाया एवढाच आहे की पाण्याचा प्रत्येक थर आणि प्रत्येक प्रकारचे खाद्य कोणीतरी खाल्ले पाहिजे, आणि एकाच ताटावर दोघे बसता कामा नयेत.

कटला वरच्या थरात राहतो. त्याचे तोंड वर वळलेले, डोके मोठे. प्राणी-प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव, हे त्याचे मुख्य अन्न. चांगल्या तळ्यात तो वर्षात एक किलोपर्यंत जातो. रोहू मधल्या थरातला. त्याच्या ओठांना झालरीसारखी कड असते. वनस्पती-प्लवंग (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती), दगड-काठ्यांवर धरलेले शेवाळ, कुजणारा पाला आणि आपण टाकलेले कोंडा-पेंड तो आवडीने खातो. मृगळ तळाशी राहून गाळातले सेंद्रिय पदार्थ खातो. त्याची वाढ या तिघांत सहसा सर्वांत कमी असते.

यांच्या जोडीला तीन परदेशी मासे येतात. चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, वरच्या थरात राहून वनस्पती-प्लवंग गाळून खातो. गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, पाणवनस्पती आणि आपण टाकलेला हिरवा चारा खातो. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तळ उकरत फिरतो आणि जवळपास काहीही खातो. चंदेरा आणि गवत्या भारतात १९५९ साली आणले गेले.

आता यातल्या टकरी पाहा. चंदेरा आणि कटला एकाच थरात येतात. पुस्तकात एकाचे अन्न वनस्पती आणि दुसऱ्याचे प्राणी असे लिहिलेले असले तरी प्राणी-प्लवंग स्वतः वनस्पती-प्लवंगावरच वाढतात. चंदेऱ्याने ते आधीच गाळून खाल्ले की कटल्याचे अन्न मुळातच तुटते. चंदेरा झपाट्याने वाढतो आणि कटला मागे राहतो. शिवाय चंदेरा पाण्याबाहेर काढताच लवकर मरतो आणि लवकर खराब होतो. बाजार लांब असेल तर तो टाळलेलाच बरा. सोडायचाच असेल तर कटला चांगला स्थिरावल्यावर, महिना-दीड महिन्याने, कटल्यापेक्षा लहान आकाराचा सोडा.

दुसरी टक्कर तळाशी: मृगळ आणि सायप्रिनस. सायप्रिनस चपळ आणि अधाशी आहे. मातीच्या तळ्यात तो बांधाचा पायथा उकरतो, पाणी गढूळ करतो, आणि गढूळ पाण्यात सूर्यप्रकाश न शिरल्याने प्लवंग कमी होतात. म्हणजे तळाशी सोडलेल्या माशाचा फटका वरच्या कटल्याला बसतो. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. सायप्रिनस मात्र वर्षाच्या आतच प्रौढ होऊन पाणवनस्पतींवर अंडी घालतो आणि तळ्यात अनाहूत पिल्ले भरतात.

प्रमाण ठरवणे

मातीच्या तळ्यात पहिल्यांदा मासे सोडणाऱ्याने तीनच जाती घ्याव्यात: कटला ४०, रोहू ३० आणि मृगळ ३० टक्के. आपल्या ४६० बोटुकलीत हे १८४, १३८ आणि १३८ होतात. तिन्ही जातींचे बीज सहज मिळते आणि काही बिघडले तर कारण शोधणे सोपे जाते.

प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्यात हे प्रमाण चालत नाही. तिथे गाळ नाही, त्यामुळे तळाचे नैसर्गिक अन्नही नाही. मृगळ उपाशी राहतो. उलट अस्तराच्या उतारावर शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो आणि रोहू तो खरवडून खातो. म्हणून अशा तळ्यात कटला ४०, रोहू ४० आणि मृगळ २० टक्के ठेवा. दोन-तीन वर्षांनी तळाशी बोटभर गाळ साठला की मृगळ थोडा वाढवता येईल.

सहा जातींचे नेहमीचे प्रमाण कटला १५, चंदेरा २०, रोहू २०, गवत्या १०, मृगळ १५ आणि सायप्रिनस २० टक्के असे आहे. ते मोठ्या, मातीच्या, वर्षभर पाणी असलेल्या तलावासाठी आहे. पाव हेक्टरपेक्षा लहान तळ्यात सहा जाती सांभाळण्याचा व्याप फायद्यापेक्षा जास्त होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गवत्याचा निर्णय वेगळा घ्यावा. तळ्यात हायड्रिलासारखे पाण्याखालचे तण असेल, किंवा तुमच्याकडे नेपियर गवत, अझोला यांचा रोजचा पुरवठा असेल, तरच ५ ते १० टक्के गवत्या सोडा आणि तेवढे रोहू कमी करा. एक किलो वाढीसाठी त्याला ४०–५० किलो हिरवे लागते. चारा नसेल तर तो रोहूच्या पेंडीवर तुटून पडतो. जलपर्णी मात्र तो साफ करून देत नाही. ती हातानेच काढावी लागते.

गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी सोडायची असेल तर तळ तिच्यासाठी मोकळा हवा. मृगळ आणि सायप्रिनस दोन्ही वगळा, कटला-रोहूच ठेवा.

काय सोडू नये

मरळ, शिवडा, शिंगाळा हे मांसाहारी मासे बोटुकलीच्या तळ्यात अजिबात नकोत. एखादा मोठा मरळ आत राहून गेला तरी वर्षाअखेर संख्या जुळत नाही. थाई मागूर आणि बिगहेड या माशांच्या पालनाला भारतात बंदी आहे. बिगहेडची पिल्ले चंदेऱ्यासारखी दिसतात, म्हणून बीज घेताना नीट विचारून घ्या. साधी चिलापी (तिलापिया) दर काही आठवड्यांनी पिल्ले घालून तळे बुटक्या माशांनी भरून टाकते. सुधारित, एकलिंगी तिलापिया आणि पंगस यांचे पालन नियमांच्या चौकटीत होते. त्यासाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी चौकशी करा. तुमच्या तळ्याचा सांडवा ओढ्यात उतरत असेल तर परदेशी जात सोडण्याआधी दोनदा विचार करा. पावसात निसटलेला मासा पुढे नदीत जातो आणि तो परत आणता येत नाही.

तळे तयार करणे

तळे आटवून पंधरा दिवस उन्हात तापवणे हा सर्वांत चांगला उपाय. भेगा पडेपर्यंत वाळलेल्या तळात नको असलेले मासे उरत नाहीत. आटवणे शक्य नसेल तर मोहाची पेंड दर घनमीटर पाण्याला २५० ग्रॅम लागते. आपल्या उदाहरणातल्या तळ्यात पाणी एक मीटरवर आणले तर ते सुमारे ५०८ घनमीटर भरते, म्हणजे १२७ किलो पेंड. ती रात्रभर भिजवून सगळीकडे पसरा. मेलेले मासे काढून टाका आणि किमान तीन आठवडे बीज आणू नका. नंतर हीच पेंड खत म्हणून कामी येते, म्हणून त्या वर्षी सुरुवातीचे शेण निम्मे करा.

चुना पाण्याचा सामू (पीएच) पाहून द्यावा. सामू ७ ते ७.५ असेल तर हेक्टरी २०० किलो, आपल्या ९०० चौरस मीटरला १८ किलो. काळ्या जमिनीतले पाणी बऱ्याचदा आधीच ८च्या वर असते. तिथे सवयीने चुना टाकल्यास नुकसानच होते.

चुन्यानंतर आठवड्याने ताजे शेण. मातीच्या ९०० चौरस मीटरला सुरुवातीला ३०० किलो, पुढे दर महिन्याला १०० किलो. प्लॅस्टिकच्या तळ्यात ढीग टाकू नका. शेण अस्तरावर बसून कुजते आणि अमोनिया तयार होतो. गोणीत भरून पाण्यात लटकवा किंवा पातळ कालवून थोडे थोडे शिंपडा, आणि निम्म्याच मात्रेने सुरुवात करा.

पाणी तयार झाले की नाही ते पाहायला डब्याचे पांढरे झाकण दोरीला बांधून खाली सोडा. २५ ते ४० सेंटिमीटरवर दिसेनासे झाले आणि पाणी हिरवट-तपकिरी असेल तर ठीक. २०च्या आत दिसेनासे झाले तर खत थांबवा. ६०च्या पुढेही दिसत असेल तर खत कमी पडते आहे. पाणी मातीने गढूळ असताना ही चाचणी फसवते.

अस्तराचा उतार ओला झाला की अतिशय निसरडा होतो आणि पोहता येणारा माणूसही बाहेर येऊ शकत नाही. तळ्याला कुंपण, चारही बाजूंनी पाण्यापर्यंत पोहोचणारे गाठींचे दोर आणि तरंगती ट्यूब बीज येण्याआधी लावा. फवारणीचा पंप तळ्यात बुडवून भरणे किंवा तिथे धुणे कायमचे बंद करा. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके अगदी थोड्या प्रमाणातही मासे मारतात.

बीज ओळखणे आणि सोडणे

पूर्वी बीज नदीतून धरले जायचे आणि त्यात मांसाहारी माशांची पिल्लेही मिसळलेली असायची. हिरालाल चौधुरी यांनी १९५७ मध्ये ओडिशातल्या अंगुल इथे कार्प माशांचे प्रेरित प्रजनन (इंजेक्शन देऊन माशांना अंडी घालायला लावणे) यशस्वी केले, तेव्हापासून एकाच जातीचे शुद्ध बीज मिळू लागले. तरी एकाच टाकीत अनेक जातींचे प्रजनन करणाऱ्या केंद्रांतून कटला-रोहूचा संकर येतो. म्हणून जाती वेगवेगळ्या पिशव्यांत मागा. ‘मिक्स’ बीज स्वस्त पडले तरी घेऊ नका, कारण मग तुम्ही ठरवलेल्या प्रमाणाला काही अर्थच उरत नाही.

पांढऱ्या थाळीत थोडे पाणी घेऊन वीस-पंचवीस पिल्ले पाहा. कटल्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे आणि तोंड वर उघडणारे. रोहूचे तोंड किंचित खाली वळलेले, ओठ जाड. मृगळ सडपातळ, शेपटीच्या बुंध्याशी काळसर ठिपका. थाळी हलकेच फिरवली की तंदुरुस्त पिल्लू प्रवाहाच्या उलट पोहते. जे नुसते वाहत जाते ते अशक्त. रोहूत ‘जयंती’ हा भुवनेश्वरच्या सीफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या केंद्रीय संशोधन संस्थेने निवड पद्धतीने विकसित केलेला वाण मिळाला तर जरूर घ्या, त्याची वाढ चांगली आहे.

आकार ८ ते १० सेंटिमीटरचा घ्या, त्याहून लहान नको. मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले) किंवा मत्स्यबीज थेट शेततळ्यात टाकले की पाणकिडे, बेडूक, पाणकावळे आणि खंड्या मिळून त्यातले बहुतेक संपवतात आणि कोणती जात किती उरली ते कळतही नाही. कटल्याचे बीज शक्यतो थोडे मोठे असावे. केंद्रावर बीज आदल्या दिवशी उपाशी ठेवून मग भरले आहे ना, ते विचारा. भरल्या पोटी भरलेले बीज पिशवीतले पाणी घाण करून वाटेत मरते.

जुलै ते सप्टेंबर हा सोडण्याचा काळ, वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. पिशव्या न उघडता १५–२० मिनिटे तळ्यात तरंगत ठेवा. मग तोंड उघडून तळ्याचे पाणी मगभर, थोडे थांबून पुन्हा मगभर असे आत घाला. दहा लिटर पाण्यात २०० ते ३०० ग्रॅम मीठ कालवून पिल्ले त्यात एक-दोन मिनिटे बुडवली तर अंगावरचे परजीवी गळतात. मग पिशवी आडवी धरा आणि पिल्ले आपणहून बाहेर जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काठाने फिरून मेलेली पिल्ले जातीप्रमाणे मोजा आणि वहीत लिहा.

दर महिन्याला जाळे टाका

सोडलेले प्रमाण कागदावर कितीही बरोबर असले तरी समतोल पाण्यात तपासावा लागतो. महिन्यातून एकदा फेकजाळ्याने प्रत्येक जातीचे आठ-दहा मासे धरा, जातीनिहाय वजन करा, लगेच सोडा. जुलैत दहा सेंटिमीटरचे सोडलेले मासे डिसेंबरपर्यंत अडीचशे ते तीनशे ग्रॅम झाले असतील तर तळे नीट चालले आहे. कोणता मासा मागे पडतो त्यावरून तळ्यात काय कमी आहे ते कळते.

कटला मागे, डोके मोठे आणि पाठ सुरीसारखी दिसते: वरच्या थरात अन्न नाही. झाकण सोडून पाणी तपासा. पाणी नितळ असेल तर शेणाची मात्रा वाढवा, सोबत शेंगदाणा पेंड रात्रभर भिजवून तिचे पाणी शिंपडा. पाणी हिरवे असूनही कटला बारीकच असेल तर चंदेरा जास्त झाला आहे किंवा चिलापी, मुरी यांसारखे लहान मासे आत शिरले आहेत. चंदेरा आधी काढून विका.

रोहू मागे: आपण टाकतो ते खाद्य एक तर कमी पडते किंवा दुसराच कोणी खातो. तळ्यात गवत्या असेल तर हे हमखास होते. आधी बांबूच्या तरंगत्या चौकटीत हिरवा चारा टाका, गवत्या तिकडे गुंतला की अर्ध्या तासाने कोंडा-पेंड द्या. भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समभाग, माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के रोज. ३९० मासे सरासरी २५० ग्रॅमचे असतील तर एकूण ९७ किलो होतात, म्हणजे रोज सुमारे अडीच किलो खाद्य. ते भोके पाडलेल्या गोणीत भरून तीन-चार जागी टांगा. दोन तासांनी गोणी भरलेलीच असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करा.

मृगळ मागे: तळाचा गाळ काठीने ढवळून वास घ्या. काळा आणि कुजक्या अंड्यासारखा वास असेल तर तळाशी प्राणवायू नाही, खत थांबवा. गाळ चांगला असून मृगळ बारीक असेल तर सायप्रिनस काढा. मृगळ फेकजाळ्यात एरवीही कमी येतो. कमी सापडला म्हणून कमी उरला असा निष्कर्ष काढू नका.

सगळेच मागे असतील तर संख्या जास्त आहे किंवा थंडी आहे. पाणी २० अंशांच्या खाली गेले की कार्प जेमतेम खातात. तेव्हा खाद्य निम्मे करा, वाढवू नका.

पहाटे सगळ्या जाती एकदम वर येऊन तोंडे उघडत असतील तर तो प्राणवायूचा तुटवडा. ढगाळ हवेचे सलग दोन-तीन दिवस आणि हिरवेगार पाणी एकत्र आले की हे घडते आणि मोठे मासे आधी मरतात. विहिरीचे पाणी उंचावरून, फवाऱ्यासारखे सोडा. खाद्य आणि शेण दोन्ही त्या दिवसापासून बंद. उन्हे पडल्यावर मासे खाली गेले तरी पाठोपाठ तीन-चार पहाटे तळ्यावर जाऊन पाहा.

काढणी आणि पुढच्या वर्षीचे बीज

सगळे मासे एकदम काढण्याची वाट पाहू नका. फेब्रुवारी-मार्चपासून ७०० ग्रॅमच्या पुढचे कटले काढत गेलात तर घटत्या पाण्यात उरलेल्यांना जागा मिळते. कटला ओढजाळ्यात सहज येतो. मृगळ आणि सायप्रिनस जाळ्याच्या खालच्या दोरीखालून निसटतात, ते शेवटी पाणी गुडघाभर उरल्यावरच हाती लागतात.

काढलेला प्रत्येक मासा जातीप्रमाणे मोजून लिहा. सोडलेल्या १८४ कटल्यांपैकी १५५ मिळाले आणि १३८ मृगळांपैकी ७०च, तर पाणी पूर्ण आटले नसेल तेव्हा काही मृगळ तळातच आहेत असे धरा आणि पुढच्या हंगामात मृगळाचे बीज तेवढे कमी आणा. तळे कोरडे होऊनही ७०च मिळाले असतील तर बीज अशक्त होते किंवा जात मिसळलेली होती. मग पुढच्या वर्षी प्रमाण तेच ठेवून बीजाचे केंद्र बदला. जुने मोठे मासे ठेवून त्यांच्यात नवी बोटुकली सोडायची असेल तर प्रत्येक जातीत जेवढे काढले तेवढेच घाला, आणि नवे बीज दहा सेंटिमीटरच्या वरचेच घ्या, नाहीतर जुने मासे त्यांना खाद्याजवळ येऊ देत नाहीत.